मशीन बंद पडल्यावर: चार माणसांचं धुणं हाताने, मार्च ते दिवाळी

वॉशिंग मशीन बंद पडलं आणि लवकर सुरू होणार नाही असं कळलं, की सगळ्यात आधी भीती वाटते ती साठत जाणाऱ्या कपड्यांची. आमच्या घरात मी, बायको, सातवीतली मुलगी आणि सासरे अशी चार माणसं. पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. मार्च 2025 पासून दिवाळीपर्यंत घरातलं रोजचं धुणं हाताने झालं आणि त्यातलं बरंचसं मी केलं. सुरुवातीला मी इंटरनेटवर खूप शोधलं. सापडलं ते एकतर हॉस्टेलवर राहणाऱ्यांचं दोन शर्टांपुरतं, नाहीतर परदेशातल्या बाथटबमधलं. बोअरचं पाणी, ड्राय बाल्कनी, सोसायटीचे नियम, पावसाळा आणि शाळेचा गणवेश या सगळ्यांत धुणं कसं निभवायचं ते कुठे मिळालं नाही. म्हणून घडलं तसं, तारखांसकट लिहितोय.

3 मार्च, सोमवार. सकाळी मशीन मध्येच थांबलं. आत पाणी, पाण्यात कपडे, दार बंद आणि पडद्यावर एररचा कोड. तुमचं मशीन समोरून उघडणारं असेल तर हे लक्षात ठेवा: खाली उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्याच्या आत फिल्टर आणि बहुतेक वेळा बोटाएवढी रबरी नळी असते. आधी प्लग काढायचा, खाली पसरट ताट ठेवायचं आणि नळीचं बूच काढून पाणी थोडं थोडं सोडायचं. पाणी गेलं की काही मिनिटांत दाराचं कुलूप सुटतं. पाणी गरम प्रोग्रॅमचं असेल तर निवू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला आणि 7 मार्चला तंत्रज्ञ आला. भेटीचे 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. कंट्रोल बोर्ड गेलाय, 8,400 रुपये लागतील, पार्ट मागवावा लागेल, असं त्याने सांगितलं. मशीन सहा वर्षांचं. वॉरंटी कार्डावर ‘10 वर्षं’ मोठ्या अक्षरांत होतं, पण ते मोटरपुरतं. बोर्ड त्यात येत नाही. इथे एक गोष्ट आवर्जून करा. अंदाजपत्रक तोंडी घेऊ नका, जॉबशीटवर पार्टचं नाव आणि रक्कम लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. मला पुढे तोच कागद उपयोगी पडला.

मार्चअखेरीपर्यंत ‘पार्ट येतोय’ एवढंच उत्तर मिळत राहिलं. कंपनीला ईमेल केला, त्यालाही उत्तर नाही. मग 2 एप्रिलला 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मराठीत बोलता येतं. खरेदीचं बिल, जॉबशीट आणि ईमेलची प्रत जवळ ठेवून फोन करा, कारण ते तारखा आणि रकमा विचारतात. फोननंतर डॉकेट नंबर येतो. ही हेल्पलाइन म्हणजे ग्राहक न्यायालय नव्हे. ते तक्रार कंपनीकडे पोचवतात आणि पाठपुरावा करतात. आमच्या बाबतीत एप्रिलच्या शेवटी कंपनीचा फोन आला: हा बोर्ड आता बनत नाही, जुनं मशीन देऊन नवं घ्या, सवलत देऊ. नवं आम्हाला तेव्हा नको होतं. भेटीचे 590 रुपये परत मागितले, तेवढे मिळाले. तोपर्यंत घरात हाताने धुण्याचा जम बसला होता.

पण मार्चचा पहिला आठवडा जड गेला. जवळच्या लाँड्रीत किलोवर धुऊन देतात, किलोला 90 रुपये. आमचे आठवड्याचे कपडे बारा किलो भरले, म्हणजे 1,080 रुपये. महिन्याचा हिशेब केला आणि पुन्हा तिकडे गेलो नाही. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना विचारलं. त्या धुण्याचे 1,500 म्हणाल्या, पण त्यांना दुपारी एकनंतरच वेळ होता. त्यांची त्याआधीची चारही घरं धुण्याभांड्यांची. स्वतः महिनाभर धुणं केल्यावर त्या चार घरांचा अर्थ मला कळला, आणि 1,500 ही रक्कम मला कमी वाटते. ज्यांच्याकडे धुण्याला बाई येते त्यांनी निदान थंडीत कोमट पाणी, बसायला उंच पाट आणि आठवड्याची एक सुट्टी एवढं तरी द्यावं.

आम्हाला धुणं शिकवलं ते शेजारच्या आजींनी. पंचाहत्तरी ओलांडली आहे, पण स्वतःचं नऊवारी लुगडं अजून स्वतः धुतात. मी बाल्कनीत शर्ट घासत बसलेलो त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “अरे, हात कशाला मोडून घेतोस? भिजू दे आधी नीट. पाण्याला त्याचं काम करू दे, मग तुझं थोडंच उरतं.” पुढच्या सगळ्या महिन्यांत याहून मोलाचं काही मला कुणी सांगितलं नाही. हाताने धुण्याचा धसका असतो तो घासण्याचा. प्रत्यक्षात मळ सुटतो तो भिजवण्याने आणि निघून जातो तो खळबळण्याने. घासायचं फक्त कॉलर, कफ, पँटचा तळ, मोज्यांच्या टाचा आणि एखादा डाग एवढंच.

आमची पद्धत अशी बसली. अर्धी बादली पाणी, साधारण दहा लिटर. त्यात मगभर कोमट पाण्यात आधी विरघळवून घेतलेली पावडर, सपाट दीड चमचा. कपड्यांवर कोरडी पावडर भुरभुरवली की गडद कपड्यांवर पांढरे पट्टे राहतात. मशीनसाठी आणलेली पावडर शिल्लक होती, तीच वापरली. तिला फेस कमी येतो, त्यामुळे कपडे स्वच्छ होत नाहीत असं वाटतं, पण तसं नाही. उलट फेस कमी म्हणजे खळबळायला पाणी कमी. पाणी टंचाईच्या दिवसांत हा मोठा फायदा आहे. अर्धा तास भिजवायचं. उन्हाळ्यात रात्रभर भिजत ठेवू नका, सकाळपर्यंत पाण्याला आंबूस वास येतो आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागायची भीती वाढते. भिजलेले कपडे पाच-सात मिनिटं वरखाली बुचकळायचे, दाबायचे, सोडायचे. मग पिळून बाजूला.

शर्टाची कॉलर कशी धुवायची ते आजींनी दोनदा करून दाखवलं. कॉलर उलगडून फरशीवर सपाट पसरायची, आतला भाग वर. ओल्या कॉलरवर वडी एकदाच, एका दिशेने ओढायची. तिथेच पाच मिनिटं ठेवून द्यायची आणि तेवढ्यात दुसरा शर्ट घ्यायचा. मग मऊ ब्रश घडीच्या रेषेबरोबर, उभा नाही, आडवाच फिरवायचा. घडीच्या कडेला कापड सगळ्यात आधी विरतं, म्हणून तिथे ब्रश न लावता अंगठ्याने चोळायचं. करडी रेघ बोटाखाली विरघळून पिवळट फेस होतो आणि मगातल्या पाण्याने उतरते. सासऱ्यांच्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी मशीनमध्ये कधी इतक्या निघाल्या नव्हत्या.

खळबळायला आमच्याकडे तीन बादल्या ओळीने असतात. पहिलीत साबण जातो, दुसरीत राहिलेला जातो, तिसरीत कपडा निवळ होतो. पुढची खेप आली की तिसरीतलं पाणी दुसरीला आणि दुसरीतलं पहिलीला. नवं पाणी फक्त तिसरीत. आधी पांढरे, मग फिके, शेवटी गडद. मधल्या प्रत्येक टप्प्यावर कपडा पिळायचा, हे विसरू नका. कापडात साबणाचं पाणी भरपूर धरून राहतं. ते पिळून न काढता पुढच्या बादलीत टाकलं की ती बादलीही साबणाची होते आणि मग कितीही पाणी ओता, बुळबुळीतपणा जात नाही. शेवटी उरलेल्या पाण्याने बाल्कनीची फरशी आणि पायऱ्या पुसून होतात, बाकीचं संडासात.

पाण्याचं वेगळं लिहायला हवं, कारण आमची निम्मी डोकेदुखी तीच होती. आमच्या इमारतीत स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं पाणी येतं आणि बाथरूम, बाल्कनीला बोअरचं. मार्चमध्ये वडी लावून धुतलेले टॉवेल पापडासारखे कडक वाळायचे आणि पांढऱ्या बनियन्स करड्या दिसायला लागल्या. घरच्या घरी एक तपासणी करता येते. दोन बाटल्यांत थोडं थोडं पाणी घ्या, एकीत बोअरचं आणि दुसरीत पालिकेचं. दोन्हींत साध्या साबणाचा तेवढाच किस टाका आणि जोरात हलवा. पालिकेच्या पाण्यावर फेसाचा थर उभा राहिला. बोअरच्या पाण्यात फेस जवळजवळ नाही, वर दह्यासारखे कण. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांच्याशी साबण बांधला जातो आणि तो राखाडी साका कापडातच बसतो. डिटर्जंटचा असा साका होत नाही, पण त्याचाही जोर जड पाण्यात कमी पडतो.

उपाय स्वस्तात होता. किराणा दुकानात धुण्याचा सोडा मिळतो. भिजवायच्या पाण्यात एक चमचा सोडा आधी घालून दहा मिनिटं थांबायचं, मग पावडर. सोड्यामुळे क्षार खाली बसतात आणि पावडर कमी लागते. हा सोडा रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना अजिबात लावायचा नाही, आणि उघड्या हातांनीही फार वेळ हाताळायचा नाही. शेवटच्या बादलीसाठी सकाळी पालिकेचं पाणी स्वयंपाकघरातून भरून ठेवतो. एवढ्याने टॉवेल पुन्हा मऊ झाले. बनियन्ससाठी शेवटच्या पाण्यात नीळ, अगदी थेंबभर, आणि पाण्यात पूर्ण ढवळून मगच कपडा. बाटलीतून सरळ कपड्यावर पडली की निळे डाग बसतात.

खरेदी फार नव्हती. पंचवीस लिटरचे दोन टब 440 रुपये, मऊ ब्रश 60, रबरी हातमोजे 120, नायलॉनची दोरी 80, चिमट्यांची दोन पाकिटं 90. एक उंच पाट घरात होता. सगळ्यात उपयोगी ठरला तो लोखंडी स्टँड, जुन्या बाजारातून 300 ला आणलेला. त्यावर टब ठेवून उभ्याने धुता येतं. खाली उकिडवं बसून धुण्याची सवय नसेल तर कंबर पहिल्याच आठवड्यात बोलायला लागते. बुचकळणं आणि खळबळणं उभ्याने, ब्रशचं काम पाटावर बसून, अशी वाटणी केली आणि दुखणं थांबलं. हातांना धुण्याआधी खोबरेल तेल लावायचं. पावडरीने बोटांची पेरं फुटतात ती मग फुटत नाहीत. बाल्कनीत खोबणी असलेल्या रबरी चपला घातल्याशिवाय कुणी उतरायचं नाही हा आमच्याकडे नियमच आहे, आणि सासऱ्यांना तिथे साबण असताना येऊच देत नाही.

धुळवड 14 मार्चला आणि रंगपंचमी 19 ला. त्या दिवसांचे कपडे जुनेच होते, ते वेगळ्या टबात गार पाण्यात नुसते खळबळून वाळवले. गुढीपाडव्याला मात्र मुलीच्या पांढऱ्या कुर्त्यावर बटाट्याच्या भाजीची हळद सांडली. साबण लावला आणि पिवळा डाग विटकरी लाल झाला. हे पहिल्यांदा पाहणारा हबकतोच. हळदीतला रंग साबणाच्या, सोड्याच्या पाण्यात लाल होतो. साबण पूर्ण निघाला की पुन्हा पिवळा होतो. कुर्ता खळबळून, डाग वर येईल असा ओलाच कडक उन्हात घातला. दुपारी फिका झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून उन्हात, आणि संध्याकाळपर्यंत हळद उडाली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. त्यामुळे हळदीला घासण्यापेक्षा ऊन द्या. बाकीच्या डागांचं थोडक्यात: रक्त गारच पाण्यात, गरम पाण्याने ते पक्कं बसतं, तेलातुपाच्या डागाला कपडा भिजवण्याआधीच भांड्यांचा लिक्विड साबण, खिशातल्या बॉलपेनच्या शाईला मागे जुनं फडकं धरून सॅनिटायझर, आणि फडकं सरकवत राहायचं. ब्लीच वापरत असाल तर फक्त पांढऱ्या सुती कपड्यांना. आणि ब्लीचच्या आसपास व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड येऊ देऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली धुण्याची जागा म्हणजे बहुतेक वेळा बंद बाथरूम असतं.

आता वाळत घालणं. आमची ड्राय बाल्कनी इतकी लहान की चादर घातली तर कुणाला उभं राहता येत नाही. गॅलरीच्या कठड्याबाहेर कपडे टाकायचे नाहीत असा सोसायटीचा नियम आहे आणि गच्चीला कुलूप. चावी वॉचमनकडे, पण भाडेकरूंना द्यायची नाही अशी त्याला सूचना. मी 24 मार्चला सेक्रेटरींना अर्ज दिला. त्यांनी सांगितलं, घरमालकाचं संमतीपत्र हवं. घरमालक नाशिकला, त्यांनी दोन ओळी लिहून, सही करून फोटो पाठवला, तो चालला नाही, मूळ प्रत लागेल म्हणाले. ती कुरियरने 5 एप्रिलला आली. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी. 13 एप्रिलच्या बैठकीत अर्ज ठेवला गेला आणि परवानगी मिळाली: सकाळी 8 ते संध्याकाळी 6, दोरी आधीच्याच हुकांना, टाकीच्या आणि सोलरच्या बाजूला जायचं नाही, चावी रजिस्टरमध्ये सही करून घ्यायची.

तुम्हाला असा अर्ज करायचा असेल तर ‘गच्ची वापरायला मिळावी’ एवढंच लिहू नका. कुठली दोरी, कुठल्या वेळेत, पाणी गळणार नाही याची काय काळजी घेणार (कपडे घरीच निथळवून वर नेणार), भिंतीला नवं भोक पाडणार नाही, हे चार मुद्दे अर्जातच लिहा. बैठकीत नेमके तेच प्रश्न निघाले आणि उत्तर कागदावर असल्यामुळे कुणाला पुढे ढकलायला कारण उरलं नाही. पोचपावती म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. आमच्यानंतर पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंनी त्याच नमुन्यावर अर्ज केला आणि त्यांचं काम एका बैठकीत झालं.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कपडे दोन तासांत खडखडीत वाळायचे. रंगीत कपडे उलटे करून घालायचे, शर्ट खालच्या कडेने उलटे टांगायचे म्हणजे खांद्यावर चिमट्याची खूण राहत नाही, टी-शर्ट दोरीवर मधोमध आडवे. आणि घालण्याआधी कपडा जोरात झटकायचा; निम्मी इस्त्री तिथेच होते. याच महिन्यांत बायकोच्या सुती साड्यांना तांदळाच्या पेजेची खळ केली. पेज गाळून, भरपूर पातळ करून, साडी त्यात बुडवून हलकी पिळायची आणि सावलीत वाळवायची. एक साधी रेशमी साडी रिठ्याच्या पाण्यात धुतली: रात्री भिजवलेले रिठे सकाळी उकळून, कुसकरून, गाळून. पैठणीला मात्र हात लावला नाही. ती ड्रायक्लीनलाच जाते.

चादरी पायांनी तुडवतो. मोठ्या टबात भिजवलेली चादर, त्यात स्वच्छ पाय, एका हाताने भिंतीचा आधार. मुलगी हे काम आवडीने करते. पण एका वेळी एकच चादर आणि आठवड्यात दोनच. सगळं रविवारवर ढकललं की रविवार संपतो आणि पाठही. ‘रोजचं रोज’ हे आमच्याकडे एप्रिलपासून ठरलं. प्रत्येकाने अंघोळीच्या वेळी आपले आतले कपडे, रुमाल आणि मोजे स्वतः धुवायचे. बाकीचे मी सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी. भिजवून चहा, पेपर आणि डबा भरणं. मग पंचवीस-तीस मिनिटांचं काम. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर समजा की खेप मोठी झाली.

पिळणं हे मात्र शेवटपर्यंत कठीणच राहिलं. जीन्स आणि टॉवेल एकट्याच्या मनगटांनी पिळले जात नाहीत. पुष्कळ जण कपडा नळाला अडकवून पिळतात. प्लास्टिकच्या नळाला ते झेपत नाही, हलतो आणि गळायला लागतो. आम्ही जीन्स बाथरूमच्या दांडीवर अर्धा तास नुसती निथळत ठेवतो, मग खालच्या टोकाला साठलेलं पाणी दाबून काढतो. शर्ट, टी-शर्टसाठी दुसरा उपाय आहे. कोरडा मोठा टॉवेल पसरायचा, त्यावर पिळलेला कपडा, दोन्हींची घट्ट वळकटी करायची आणि तिच्यावर गुडघ्याने दाब द्यायचा. टॉवेल बरंच पाणी शोषून घेतो आणि कपड्याचं सूतही ताणलं जात नाही.

हा उपाय पावसाळ्यात फार कामी आला. 2025 मध्ये पाऊस मेमध्येच आला, 26 मे रोजी तर मान्सून मुंबईत दाखल झाला. आमची गच्ची तिथून बंद. 16 जूनला शाळा सुरू झाली आणि गणवेशाचे दोनच जोड. जूनचे पहिले दिवस मी खरोखर काळजीत होतो. कपडे वाळत नव्हते आणि वाळले तरी कुबट वास. तो वास साबण कमी पडल्याचा नसतो. कापड बराच वेळ ओलं राहिलं की त्यात जंतू वाढतात आणि वास त्यांचा येतो. त्यामुळे सगळा भर लवकर वाळवण्यावर दिला. घडीचा स्टँड 1,450 ला आणला, तो हॉलमध्ये पंख्याखाली. दोन कपड्यांमध्ये चार बोटांचं अंतर, एकावर एक काही नाही. धुणं सकाळऐवजी संध्याकाळी, म्हणजे रात्रभर पंख्याचा वारा मिळतो. गणवेश आधी, बाकी नंतर. दमट राहिलेल्या शिवणी आणि खिसे सकाळी इस्त्रीने. गणवेशाचा तिसरा जोड घेतला, 780 रुपये. त्या खर्चाने घरातली सकाळची घालमेल संपली. जीन्स जून ते सप्टेंबर कपाटातच ठेवल्या, सगळ्यांनी पातळ पँट वापरल्या. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलं की उरलेला साबण निघतो आणि वासही कमी राहतो (पुन्हा सांगतो, ब्लीच लावलेल्या कपड्यांना नाही).

जुलैमध्ये बंद मशीनचं काय करायचं ते ठरवलं. भंगारवाल्याने 1,200 रुपये सांगितले. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि वॉशिंग मशीन त्यात येतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची यादी आहे. तिच्यातल्या एकाला फोन केला, फोटो आणि मॉडेल नंबर पाठवला. त्यांनी 900 रुपये दिले आणि पावती दिली. तीनशे रुपये कमी मिळाले, पण तो बोर्ड आणि तारा कुठे उघड्यावर जाळल्या जाणार नाहीत एवढी खात्री मिळाली, आणि मला ती हवी होती. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये तोल राखायला काँक्रीटचे ठोकळे असतात, त्यामुळे ते फार जड असतं. उतरवायला दोन माणसं आणि पट्टे त्यांनीच आणले. लिफ्टच्या वापरासाठी सोसायटीला आदल्या दिवशी कळवावं लागलं.

दिवाळीआधी रजया, दोन गोधड्या आणि पडदे लाँड्रीत दिले, 1,150 रुपये झाले. भिजलेली रजई हाताने उचलण्याचा प्रयत्न कुणी करू नये. तिचं ओझं कंबरेवर येतं आणि ती आतून वाळतही नाही. जाड स्वेटर आणि ब्लँकेटही त्याच यादीत. मासिक खर्च पाहिला तर पावडर, सोडा, नीळ मिळून 300 च्या आत आणि चादरींपैकी एखाद-दुसरी बाहेर दिली तर 100-150.

बदललं ते आणखी एक. पूर्वी मुलगी दिवसाला तीन वेळा कपडे बदलायची आणि तासभर घातलेला टॉपही धुण्यात यायचा. मीही शर्ट एकदा घातला की टाकायचो. आता दारामागे एक खुंटी आहे, न मळलेला कपडा तिथे हवेशीर टांगला जातो. आमचं धुणं त्याने जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं. सासऱ्यांनी चिमटे लावणं आणि घड्या घालणं स्वतःहून घेतलं आहे आणि त्यांच्या घड्या आमच्या सगळ्यांपेक्षा सुबक असतात.

पुढे काय, तर पूर्ण मशीन आम्ही सध्या घेत नाही. भिजवणं, बुचकळणं, खळबळणं आता जड जात नाही. अडतं ते पिळण्याशी आणि पावसाळ्यात वाळवण्याशी, आणि बायकोच्या मनगटाचं दुखणं त्यानेच वाढलं. म्हणून फक्त पाणी काढणारा स्पिनर घ्यायचं ठरवलं आहे, सहा-सात हजारांना मिळतो. विचार करत असाल तर दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी मोजा: पाणी सोडायची नळी खाली जमिनीलगत असते, तेव्हा जाळी त्याच उंचीवर आणि जवळ आहे का, आणि प्लग पाण्यापासून दूर, अर्थिंगसह आहे का. आमच्या बाल्कनीत जाळी दुसऱ्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे आधी प्लंबरला दाखवतोय आणि घरमालकांनाही तसं कळवलं आहे.